हरणाच्या डोळ्यात फूल पडलेलं दिसलं तर काय करायचं

नाशिक जिल्ह्यात येवल्याजवळच्या राजापूर-ममदापूरकडे ज्यांची शेतं आहेत त्यांना हरीण म्हणजे रोजचंच, सकाळी मोटर चालू करायला गेलं की मक्याच्या कडेला दहा-पंधरा उभी असतात. पण दर पावसाळ्यात आणि परत उन्हाळ्याच्या तोंडाला मला कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, की दादा एक हरणी आहे, डोळ्यात पांढरं फूल पडलंय, पाणी गळतंय, कळपाच्या मागे राहतेय, पकडून डॉक्टरकडे नेऊ का. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून माझंही काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. घरी शेळ्या आहेत, उन्हाळ्यात पाणवठे भरायच्या कामाला बरीच वर्षं जातो आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारून विचारून जे कळलं ते इथे आहे.

पहिलं उत्तर आधीच देतो, कारण अर्धे लोक पुढे वाचणार नाहीत. पकडू नका. हाकलू नका. डोळ्यात काही टाकायला जाऊ नका. लांबून नीट बघा, व्हिडिओ काढा, १९२६ ला फोन करा, ही वनविभागाची हेल्पलाइन आहे, आणि घरी गेल्यावर आपल्या शेळ्या-मेंढ्यांचे आणि गाई-वासरांचे डोळे तपासा. हे शेवटचं काम लोक कधीच करत नाहीत आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

का पकडायचं नाही ते मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून इतकं ठासून सांगतो. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या शिवारात एक हरणी आली होती, डावा डोळा पूर्ण पांढरा, उजवा चांगला. गावातली पाच-सहा पोरं, मनाने चांगलीच पोरं, गाडीला चारा बांधायची जाळी घेऊन तिच्या मागे लागली. अर्धा तास पळवली असेल. मी पोचलो तेव्हा ती बांधाला टेकून बसली होती, तोंड उघडं, जीभ बाहेर, बरगड्या नुसत्या लकलक हलत होत्या, आणि मागचे पाय लाकडासारखे ताठ झालेले. कोणी पाण्याची बाटली तोंडाला लावत होतं, कोणी डोक्यावर ओतत होतं. वनरक्षक आले, सावलीत घेतलं, कापड टाकलं, पण संध्याकाळच्या आत ती गेली. डोळ्याने मेली नाही ती, धावण्याने मेली. याला डॉक्टर लोक कॅप्चर मायोपॅथी म्हणतात, म्हणजे जीव घेऊन पळताना आणि भीतीने स्नायू आतल्या आत फुटायला लागतात, रक्तात आम्ल वाढतं, मूत्रपिंडावर आणि हृदयावर ताण येतो, आणि कधी कधी जनावर सोडून दिल्यावर ठीक दिसतं पण दोन-चार दिवसांनी मरतं. आपल्याकडची हरणं म्हणजे मुख्यतः काळवीट, आणि ते यात फारच नाजूक. एका डोळ्याने अधू असलेलं जनावर जगू शकलं असतं, ते आपल्या मदतीनेच गेलं, हे मला अजून विसरता येत नाही.

कायद्याचंही सांगतो. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्या कायद्यात पकडणं, सापळा लावणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतं, शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत आहे. हेतू चांगला होता हे नंतर सांगत बसायची वेळ कशाला आणायची.

हा रोग नक्की काय आहे

आपण ज्याला फूल पडणं म्हणतो तो रोग असेलच असं नाही, पण साथीचा असेल तर त्याचं नाव आहे संसर्गजन्य केरॅटो-कंजंक्टिव्हायटिस, डॉक्टर लोक सरळ पिंक आय म्हणतात. डोळ्याच्या बाहुलीवर जो काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, कॉर्निया, तो आणि पापणीच्या आतली लाल त्वचा दोन्हींना सूज येते. गाईंमध्ये मुख्य जंतू मोरॅक्सेला बोव्हिस. त्याला बारीक केसांसारखे तंतू असतात, त्यांनी तो कॉर्नियाला चिकटून बसतो आणि मग विष सोडून तिथल्या पेशी मारतो. शेळ्या-मेंढ्यांमध्ये जास्त करून मायकोप्लाझ्मा कंजंक्टिव्हे आणि क्लॅमिडिया. हरणांमध्ये ठिकाणानुसार वेगळं सापडतं, अमेरिकेत म्यूल डिअर नावाच्या हरणांत मोरॅक्सेला सापडलाय, नॉर्वेत रेनडिअरमध्ये हर्पीस जातीचा विषाणू. आल्प्सच्या डोंगरात शॅम्वा आणि आयबेक्स या रानशेळ्यांमध्ये मायकोप्लाझ्माच्या साथी येतात आणि तिकडच्या अभ्यासात असं दिसलंय की उन्हाळ्यात डोंगरावर चरायला नेलेल्या पाळीव मेंढ्यांकडून तो रानात जातो. मेंढीला स्वतःला फार काही होत नाही, महिनोन्महिने डोळ्यात जंतू घेऊन ती चांगली फिरत असते.

हे वाचलं तेव्हा मला आपलं शिवार आठवलं. ममदापूर संवर्धन राखीव २०१४ मध्ये जाहीर झालं, साधारण ५४ चौरस किलोमीटर, पण त्याला काही भिंत नाही. सकाळी ज्या माळावर हरणं चरतात त्याच माळावर दुपारी आपल्या शेळ्या असतात, उन्हाळ्यात पाणी पण तेच, आणि माशा तर दोघांच्याही तोंडावर बसतातच, त्यांना काय पाळीव आणि काय रानटी.

एक बारीक गोष्ट पण सांगून टाकतो. काळवीट आणि चिंकारा खरं म्हणजे शास्त्राप्रमाणे हरीण नाहीत, ते कुरंग, त्यांची शिंगं आयुष्यभर राहतात. सांबर, चितळ, भेकर ही खरी हरणं, त्यांची शिंगं गळून परत येतात. पण डोळ्याच्या रोगापुरतं बघायचं तर दोघांनाही हे होऊ शकतं आणि आपण बोलताना हरीणच म्हणतो, मी पण तेच म्हणणार.

दुरून ओळखायचं कसं

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून जरा सावकाश वाचा. काळविटाच्या डोळ्याभोवती पांढरी कडी असतेच, नराची तर काळ्या तोंडावर इतकी उठून दिसते की लांबून डोळाच पांढरा वाटतो. आणि डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्याखाली एक काळी उभी चीर असते, ती ग्रंथी आहे, नर ती बाभळीच्या काटकीला घासून आपल्या हद्दीच्या खुणा करतो. ती चीर ओलसर दिसते, कधी उघडलेली असते, आणि लोकांना वाटतं डोळ्यातून पाणी येतंय. मला आलेल्या फोटोंमधले बरेच फोटो या दोन गोष्टींचेच निघाले आहेत.

खरा त्रास असेल तर आधी जनावर तो डोळा मिचकावतं, अर्धा मिटून ठेवतं, उन्हाकडे तोंड करत नाही. मग गालावरून खाली ओला पट्टा दिसतो, त्यावर धूळ बसून तो काळपट होतो, माशा तिथेच घोंगावतात आणि जनावर सारखं कान झटकतं, डोकं हलवतं. दोन-चार दिवसांत बुबुळाच्या मध्यावर धुरकट निळसर ठिपका येतो, मग तो दुधासारखा पांढरा होत पसरतो. पुढे कडेकडून लाल रक्तवाहिन्या आत शिरतात आणि डोळा गुलाबी दिसायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं आता बिघडलं सगळं, पण पुष्कळदा ती भरून यायची खूण असते, कारण कॉर्नियात एरवी रक्तवाहिन्या नसतात आणि जखम भरायला त्या मुद्दाम वाढतात. मग लाली ओसरते आणि मध्ये एक बारीक पांढरा डाग राहतो. गाईंमध्ये हे सगळं साधारण तीन ते पाच आठवड्यांचं काम असतं. काही डोळ्यांत मात्र जखम खोल जाते, फोड फुटतो आणि डोळा आत बसतो, तो परत येत नाही.

बघायला जायचं ते सकाळी उन्हं कोवळी असताना, ऊन आपल्या पाठीशी ठेवून. शंभर मीटरच्या आत जायचं नाही. मोटरसायकलवरून बघितलं तर हरणं थोडी थांबतात, पायी माणूस दिसला की लगेच उधळतात, त्यामुळे गाडी रस्त्यावरच थांबवून, बंद करून, तिथूनच. साधी दुर्बीण असेल तर उत्तमच, नसेल तर मोबाईल फांदीला किंवा गाडीच्या सीटला टेकवून झूम करा आणि फोटोऐवजी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. फोटोत एका क्षणी डोळा मिटलेला असला तर काहीच कळत नाही, व्हिडिओत ती कशी चालतेय ते पण दिसतं. ते चालणंच महत्त्वाचं. डोकं एका बाजूला वाकडं धरून चालतेय का, पाय गरजेपेक्षा उंच उचलून टाकतेय का, गोल गोल फिरतेय का, तारेला किंवा झुडपाला धडकतेय का, कळप उधळला तेव्हा ती बरोबर उधळली की मागे उभी राहून नुसते कान फिरवत राहिली.

आणि मोजा. हे कोणी करत नाही. कळपात एकूण किती दिसली आणि त्यातल्या किती जणांचे डोळे खराब होते. एकच असेल तर काटा लागला असण्याची शक्यता जास्त, आपल्याकडे वेडी बाभूळ सगळीकडे झालीय आणि सुकलेल्या गवताची कुसळं तर डोळ्यात जातातच, नरांच्या मारामारीतही शिंग लागतं. पण तिसातली चार-पाच असतील, त्यात पाडसं असतील, आणि आठवड्याने परत गेल्यावर आकडा वाढलेला असेल, तर तो संसर्ग आहे असं धरून चालायचं. वहीत तारीख, वेळ, ठिकाण, डावा की उजवा, नर मादी की पाडस, एकूण किती, आजारी किती, एवढं लिहिलं की बास.

डोळ्याबरोबर दुसरं काही दिसतंय का तेही बघा कारण मग मामला वेगळा असतो. डोळ्याला आणि नाकाला चिकट घाण, तोंडात फोड, हगवण, असं शेळ्यांमध्ये असेल तर ते पीपीआर असू शकतं, शेळ्यांचा प्लेग, आणि हा रानातल्या जनावरांनाही होतो, मंगोलियात सायगा नावाच्या कुरंगांमध्ये तो घुसला तेव्हा हजारोंनी मेली. लाळ आणि लंगडणं म्हणजे लाळ्या-खुरकुताचा संशय. आणि हरीण माणसाला घाबरतच नाही, अंगावर येतंय, किंवा कुत्रं चावल्याची जखम आहे, तर अजिबात जवळ जाऊ नका, पिसाळलेलं असू शकतं.

फोन कधी करायचा

एका डोळ्यात ठिपका आहे, पण चरतेय, कळपाबरोबर पळतेय, तर घाई नाही, तरी १९२६ ला किंवा तुमच्या ओळखीच्या वनरक्षकांना कळवून ठेवायचं. दोन्ही डोळे पांढरे आहेत, धडकतेय, विहिरीच्या किंवा रस्त्याच्या बाजूला एकटीच फिरतेय, डोळा फुटलाय, बसलीय आणि उठत नाही, किंवा एकाच कळपात तीन-चार दिसतायत, तर लगेच, त्याच क्षणी. आपल्याकडे कठडे नसलेल्या विहिरी किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे, चांगले डोळे असलेली हरणं त्यात पडतात मग आंधळ्याचं काय.

अमेरिकेत यलोस्टोनमध्ये १९८१-८२ च्या हिवाळ्यात क्लॅमिडियाची अशी साथ आली होती, तिथल्या उत्तर भागातल्या बिगहॉर्न रानमेंढ्यांपैकी जवळजवळ ६० टक्के त्यात गेल्या. आंधळं जनावर चारा शोधू शकत नाही, धोका बघू शकत नाही, डोंगरावर पाय चुकतो. सगळ्या साथी अशा नसतात, बहुतेक साथींमध्ये मोठा भाग आपला आपण बरा होतो, पण म्हणूनच आकडा आणि तारीख लिहिलेली हवी, त्याशिवाय ही कुठली साथ आहे ते कोण सांगणार.

लोकेशनचा पिन फक्त वनविभागाला पाठवा. गावच्या ग्रुपवर टाकू नका, स्टेटसला ठेवू नका. आंधळं हरीण कुठे आहे हे ज्यांना कळायला नको त्यांनाही ते कळतं, आणि बघायला गर्दी झाली की परत तीच पळापळ.

वनविभागाचे लोक येईपर्यंत जनावर खाली बसलेलं असेल तर तुमचं काम एकच, शांतता. कुत्री लांब ठेवा, माणसं लांब ठेवा, लहान पोरांना घरी पाठवा. उन्हात असेल आणि फोनवर त्यांनी तसं सांगितलं तरच सावली करा, डोक्यावरून हलकं सुती कापड टाकायला सांगितलं तर नाक मोकळं ठेवून टाका, अंधार झाला की हरीण शांत होतं. तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. मेलेलं सापडलं तर हात लावू नका, शिंगं तर अजिबात नाही, पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्या, कशाने मेलं ते कळायचा तोच एक मार्ग आहे.

आणि सरकारी डॉक्टर आले, औषध द्यायचं ठरलं, तर त्यांना नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही की औषधाच्या आधी डोळ्यातला स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर तपासणीचा नमुना, घ्या. एकदा अँटिबायोटिक गेलं की जंतू सापडणं अवघड होतं. स्वॅब थंड ठेवून लवकर जायला लागतो. पुण्याला औंधला पशुरोग अन्वेषण विभाग आहे आणि नागपूरला गोरेवाड्याला वन्यजीव संशोधन केंद्र आहे, वन्यजीवांचा नमुना कुठे पाठवायचा ते वनविभाग आणि डॉक्टर मिळून ठरवतात, आपण फक्त विचारत राहायचं.

आता आपला गोठा

रानातल्या हरणाला औषध देणं आपल्या हातात नाही, देताही येत नाही, रोज चार वेळा मलम लावायला ती काय दावणीला बांधलेली आहे का. पण आपल्या शेळीला देता येतं, आणि आपली शेळी बरी झाली की माळावरचा जंतू तेवढा कमी झाला. मी ज्या हरणीबद्दल वर लिहिलं तिच्या नंतर दोन दिवसांनी आईने आमच्या गोठ्यात दोन करडांचे डोळे चिकटलेले दाखवले. कोणाकडून कोणाला गेलं ते मला माहीत नाही, पण दोघांचा पाण्याचा हौद एकच होता.

शेळीचा डोळा गळताना दिसला की त्याच दिवशी वेगळी बांधा, अंधाऱ्या जागेत, कारण उजेडाने तिला दुखतं आणि ऊन जखमेला वाईट. चारा-पाणी तिथेच. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा किंवा १९६२ ला फोन करा, फिरता दवाखाना येतो. बहुतेक वेळा ऑक्सिटेट्रासायक्लिन गटातलं औषध देतात, मलम किंवा इंजेक्शन, मात्रा डॉक्टर वजनावर ठरवतील आणि दूध किती दिवस वापरायचं नाही ते त्यांना विचारून घ्या. मेडिकलमधून स्वतःच पेनिसिलिन आणून टोचू नका, मायकोप्लाझ्माला पेशीची भिंतच नसते आणि पेनिसिलिन त्या भिंतीवरच काम करतं, म्हणजे पैसे गेले, दिवस गेले, रोग तिथेच.

त्याहून वाईट म्हणजे घरात कोणाचे तरी उरलेले डोळ्याचे ड्रॉप शेळीला घालणं. त्यात पुष्कळदा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असतं, स्टेरॉइड, त्याने लाली लगेच कमी होते, आपल्याला वाटतं बरं झालं, पण कॉर्नियावर जखम असेल तर ती भरत नाही, खोल जाते आणि डोळा फुटू शकतो. आमच्या जुन्या लोकांची मीठ-तंबाखू चावून डोळ्यात पिंक मारायची पद्धत आहे, कोणी कांद्याचा रस घालतं, कोणी रुईचा चीक. त्यांना वाईट वाटेल पण स्पष्ट सांगतो, जखमेवर हे घालणं म्हणजे त्या मुक्या जिवाला भाजणं आहे. रुईच्या चिकाने तर चांगला डोळाही जातो.

मलम लावायची पद्धत अशी. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड ते दोन छोटे चमचे. कापूस भिजवून नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या दिशेने पुसा, चिपडं आधी भिजू द्या मग निघतात, ओढू नका. दुसऱ्या डोळ्याला दुसरा कापूस. एकाने शेळी दोन गुडघ्यांमध्ये धरायची, हनुवटी उचलायची, दुसऱ्याने खालची पापणी अंगठ्याने खाली ओढली की आत लाल खोबणी दिसते, त्यात एक सेंटिमीटर मलम सोडायचं, नळीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, पापणी मिटवून दोन-तीन वेळा हलके चोळायचं. निरोगी शेळ्यांचं सगळं काम आधी, आजारीचं शेवटी, आणि मग साबणाने हात. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर माणसांचे डोळे आले होते ती साथ वेगळी, विषाणूची, शेळीमुळे घरात डोळे येतील म्हणून घाबरायचं कारण नाही, पण हात धुवायचेच.

दुखणं कमी व्हायला डॉक्टर इंजेक्शन देतात, तिथे डायक्लोफिनॅक चालणार नाही, जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही बंद झालं. असं औषध अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात. अंजनेरीच्या कड्यावर अजून गिधाडं आहेत आपली. मेलॉक्सिकॅम मागायचं.

बाजारातून नवीन शेळी आणली की किमान तीन आठवडे कळपात मिसळायची नाही. दिवाळीनंतर बाहेरचे मेंढ्यांचे वाडे येतात, त्यांच्यावर सगळं ढकलून भांडू नका, ते लोक आपल्यापेक्षा जनावर जास्त ओळखतात, उलट त्यांना विचारा की डोळ्याचं काही चालू आहे का, असेल तर पाण्याच्या वेळा वेगळ्या ठरवा आणि त्यांनाही १९६२ चा नंबर द्या.

माशांचं काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत फायद्याचं. उबदार दिवसांत अंड्यापासून उडणारी माशी व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून शेण आणि मुताने भिजलेला चारा त्याआधी उचलला गेला पाहिजे, रोज झालं तर उत्तम. उकिरडा गोठ्यापासून लांब न्या आणि वरून माती किंवा प्लास्टिक टाका, आत तापला की अळ्या मरतात. संध्याकाळी कडुनिंबाचा धूर चालेल पण शेळी धुरात कोंडू नका, दुखऱ्या डोळ्याला धूर म्हणजे अजून त्रास.

पाणवठे

उन्हाळ्यात आपण प्रेमाने पाणी ठेवतो आणि तिथेच गर्दी करतो. एक मोठा हौद असेल तर शंभर तोंडं एकाच काठावर, डोळ्याला डोळा लागतो. त्यापेक्षा लहान लहान तीन-चार, एकमेकांपासून दोनशे-तीनशे मीटरवर, आणि शेळ्या-गाईंसाठी गावाच्या बाजूला वेगळा. आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून काथ्याने घासायचा, काठ पण घासायचा कारण तोंड काठाला लागतं, दुपारभर उन्हात कोरडा पडू द्यायचा आणि संध्याकाळी भरायचा. पाण्यात माशांचं औषध, फिनाइल, काहीही टाकू नका. काठाच्या एका बाजूला दगडांचा उतार करा म्हणजे पाडस आत पडलं तर बाहेर येईल.

आणि चारा टाकू नका. मला माहीत आहे दुष्काळात बघवत नाही, भाव पडले की कोबी, टोमॅटो ट्रॉलीच्या ट्रॉली माळावर ओतले जातात, पण ढिगावर सगळी तोंडं एकत्र येतात, माशा येतात, आणि हरणाच्या पोटाला एकदम असलं खाणं झेपत नाही. धान्याने तर पोटात आम्ल होऊन मरतात. पिकाचं नुकसान झालं असेल तर त्याचा राग खरा आहे, मी पण कांद्याचं रोप खाल्लेलं सहन केलंय, काळविटाच्या नुकसानीला भरपाई आहे, वनविभागाकडे अर्ज करा, पण राग डोळे अधू झालेल्या जनावरावर काढू नका.

फोन करून झाला, गोठा बघून झाला, तरी काम संपत नाही, दर आठ दिवसांनी सहा आठवडे त्याच जागी त्याच वेळी परत जायचं. गेल्या सप्टेंबरात आम्ही एक हरणी अशी लावून धरली होती, डाव्या कानाला खाच होती म्हणून ओळखू यायची, डावाच डोळा. पहिल्या आठवड्यात दूध सांडल्यासारखा पांढरा. दुसऱ्यात तसाच, आणि ती उजव्या बाजूला वळून वळून चालायची, कळप डावीकडून उधळला की अर्धा क्षण मागे पडायची. तिसऱ्यात कडेने गुलाबी. चौथ्यात दिसलीच नाही आणि मी विहिरी बघत फिरलो. पाचव्यात सोयाबीनच्या रानात मिळाली, मधोमध मुगाच्या डाळीएवढा ठिपका राहिला होता बाकी डोळा काळाभोर. त्या कळपात तेव्हा सत्तावीस होती आणि आजारी नवीन एकही नाही, ते वहीत लिहिलं आणि वनरक्षकांना तोच आकडा पाठवला.